बीटल मोटारीची घरगुती टॅपेट-जुळणी : देखभालीच्या इतिहासातील एक प्रकरण

प्रस्तावना :

तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा शोध, संशोधक आणि कारखाने यांच्या अंगाने लिहिला जातो. वस्तू बाजारात आल्यानंतर ती वर्षानुवर्षे कोणी व कशी चालू ठेवली, हा प्रश्न मागे पडतो. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी 'द शॉक ऑफ द ओल्ड' (२००६) या ग्रंथात वापर व देखभाल यांनाही इतिहासात स्थान असावे, असे प्रतिपादन केले. याच दृष्टीने, फोक्सवॅगन बीटल मोटारीचे टॅपेट घरच्या घरी जुळविण्याच्या अमेरिकेतील प्रथेचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

फर्डिनांड पोर्शे यांच्या आराखड्यावर आधारित या मोटारीच्या कारखान्याची पायाभरणी नाझी राजवटीत १९३८ मध्ये झाली. युद्धानंतर, डिसेंबर १९४५ मध्ये, ब्रिटिश लष्कराच्या देखरेखीखाली नागरी मोटारीचे उत्पादन सुरू झाले. इंजिन मागील बाजूस, सिलिंडर चार आणि रेडिएटर नाही. पंख्याची हवा व तेल यांनीच इंजिन थंड राही. साधी रचना व माफक किंमत यांमुळे ती अमेरिकेत लोकप्रिय झाली. १७ फेब्रुवारी १९७२ रोजी तिने फोर्डच्या 'मॉडेल टी'चा उत्पादनाचा विक्रम मागे टाकला.

टॅपेट-जुळणीचे स्वरूप व महत्त्व :

रॉकर आर्म आणि व्हॉल्व्हची दांडी यांमध्ये थोडी फट ठेवावी लागते. नंतरच्या इंजिनांत ती ०.१५ मि.मी. असे. वापराबरोबर व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत खोल रुततो, त्याची दांडी ताणली जाते आणि फट कमी होते. फट नाहीशी झाली की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. मिटलेल्या अवस्थेतच तो आपली उष्णता बैठकीला देत असल्याने, तसे न झाल्यास तो जळतो, क्वचित तुटतो आणि इंजिन निकामी होते. १९७० पर्यंतच्या रचनेत तेल थंड करणारा भाग पंख्याच्या आवरणात असल्यामुळे तिसऱ्या सिलिंडरला तुलनेने गरम हवा मिळे. म्हणून तेथील एक्झॉस्ट व्हॉल्व्हकडे विशेष लक्ष द्यावे लागे.

हे काम इंजिन पूर्ण थंड असतानाच करावयाचे असते. मोटारीखाली आडवे होऊन तारेच्या कडीने बसविलेली झाकणे काढायची, पुली फिरवून पहिला सिलिंडर योग्य स्थितीत आणायचा, फटीत फीलर गेजची पट्टी सरकवायची आणि पाना व स्क्रू ड्रायव्हर यांनी फट जुळवायची. नट आवळताना स्क्रू हलतो, म्हणून पुन्हा मोजणे आवश्यक असते. मग पुली उलट दिशेने अर्धा फेरा फिरवीत उर्वरित तीन सिलिंडर क्रमाने घ्यायचे. आठ व्हॉल्व्ह पूर्ण झाले की झाकणांचे कॉर्कचे पॅकिंग तपासून ती बसवायची.

ज्ञानाचा प्रसार :

या कामाला मोठी यंत्रसामग्री लागत नव्हती. उणीव होती ती माहितीची व आत्मविश्वासाची. ती भरून काढण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात जॉन म्यूर (१९१८-१९७७) यांच्याकडे जाते. पेशाने अभियंता असलेल्या म्यूर यांनी १९६९ मध्ये 'हाऊ टू कीप युवर फोक्सवॅगन अलाइव्ह' हे पुस्तक न्यू मेक्सिकोतील सांता फे येथून प्रकाशित केले. चित्रे पीटर ॲशवॉन्डेन यांची होती. यंत्राची काहीही माहिती नसलेला वाचक गृहीत धरून त्यात प्रत्येक कृती क्रमवार सांगितली होती. टॅपेट वारंवार तपासण्यावर म्यूर यांचा भर होता. पुस्तकाच्या वीस लाखांहून अधिक प्रती खपल्या. कारागिराच्या हातातील ज्ञान अशा रीतीने छापील शब्दांतून मालकाकडे आले. अर्थात, जबाबदारीही त्याच्याकडेच आली : चुकीच्या मोजमापाची किंमत त्यालाच मोजावी लागे.

समारोप :

पुढे आपोआप जुळणारे हायड्रॉलिक टॅपेट अनेक मोटारींत रूढ झाले आणि ही कामगिरी बहुसंख्य मालकांच्या हातून गेली. मेक्सिकोतील पुएब्ला येथे ३० जुलै २००३ रोजी शेवटची मूळ बीटल तयार झाली. देखभालीची कटकट कमी झाली, हा निश्चितच लाभ होय. परंतु आपल्या यंत्राच्या अंतरंगाशी मालकाचा असलेला नियमित परिचयही त्याबरोबर संपला. बीटलच्या दीर्घायुष्यात कारखान्याइतकाच वाटा तिच्याखाली आडवे होऊन फट मोजणाऱ्या अनाम मालकांचाही आहे. त्याची नोंद घेतल्याविना या मोटारीचा इतिहास अपूर्ण राहील.