चौथ्या वर्षाचा लगान

‘सायमन, परत जा’ आणि ‘क्विट इंडिया’ या दोन घोषणा शाळेत गेलेल्या प्रत्येकाला पाठ असतात. पहिली १९२८ ची, दुसरी १९४२ ची. या दोन्ही घोषणांचे श्रेय ज्या एका माणसाला दिले जाते तो मुंबईचा होता आणि त्याचे नाव युसूफ मेहेरअली होते, हे मात्र फार थोड्यांना सांगता येते. मशीद बंदरच्या बाजारातून युसूफ मेहेरअली रोड जातो. रोज हजारो हातगाड्या आणि माणसे त्यावरून जातात. पाटीकडे पाहून हे गृहस्थ कोण, असे विचारणारा विरळा.

आपल्या पिढ्यांनी इंग्रजांविरुद्धची लढाई पुस्तकांपेक्षा पडद्यावर अधिक पाहिली. म्हणून मेहेरअलींचे विस्मरण समजून घ्यायचे तर सिनेमाकडेही पाहावे लागते. सिनेमा काय लक्षात ठेवतो आणि काय गाळतो, यात आपल्या राजकीय समजुतीचाही हिशेब दडलेला आहे.

मेहेरअलींचा जन्म २३ सप्टेंबर १९०३ रोजी मुंबईत एका सुखवस्तू मुस्लिम कुटुंबात झाला. कायद्याचे शिक्षण झाले, पण राजकारणामुळे त्यांना वकिलीची परवानगी नाकारण्यात आली. १९२८ मध्ये त्यांनी बॉम्बे यूथ लीग उभी केली. त्याच वर्षी ३ फेब्रुवारीला सायमन कमिशन मुंबई बंदरात उतरले, तेव्हा हमालांच्या वेशात धक्क्यावर जाऊन तरुणांनी काळी निशाणे दाखवल्याची हकीकत सांगितली जाते. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास, पुढे नाशिकचा तुरुंग, आणि १९३४ मध्ये जयप्रकाश नारायण, आचार्य नरेंद्र देव, अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता यांच्यासह काँग्रेस समाजवादी पक्षाची उभारणी. १९३८ मध्ये अमेरिकेत भरलेल्या जागतिक युवक परिषदेला ते हिंदी तरुणांचे शिष्टमंडळ घेऊन गेले. भारतीय नेत्यांची छोटी छोटी चरित्रे त्यांनी लिहिली. कार्यकर्त्याने काय वाचावे याचा अभ्यासक्रमसुद्धा त्यांनी पुस्तकरूपाने दिला. घोषणा देणारा हा माणूस मुळात वाचणारा आणि वाचायला लावणारा होता.

१९४२ मध्ये लाहोरच्या तुरुंगात असतानाच मुंबईच्या महापौरपदासाठी त्यांचे नाव पुढे आले. सुटून आल्यावर ते निवडून आले. वय अडतीस, एवढा तरुण महापौर मुंबईने तोवर पाहिला नव्हता. त्याच उन्हाळ्यात गांधीजींना येऊ घातलेल्या लढ्यासाठी शब्द हवा होता. ‘गेट आउट’ उद्धट वाटले. मेहेरअलींनी ‘क्विट इंडिया’ सुचवले आणि गांधीजींनी ते उचलले, अशी आठवण शांतिकुमार मोरारजींनी नोंदवली आहे. ८ ऑगस्टला गवालिया टँकवर ठराव झाला. पाठोपाठ झालेल्या धरपकडीत मुंबईचा महापौर पुन्हा गजाआड गेला.

इथे आपण उपनगरांकडे वळू. त्या काळी मुंबई महापालिकेची हद्द माहीम आणि शीवला संपत असे. अंधेरी, गोरेगाव, मालाड ही खाडीपलीकडची गावे होती. मालाडमध्ये १९३४ पासून हिमांशू राय आणि देविका राणी यांची बॉम्बे टॉकीज उभी होती. महापौर तुरुंगात गेल्याला जेमतेम पाच महिने होतात तोच, जानेवारी १९४३ मध्ये या स्टुडिओचा ‘किस्मत’ पडद्यावर आला. दिग्दर्शक ज्ञान मुखर्जी, नायक अशोक कुमार. गोष्ट एका खिसेकापूची. राजकारणाशी तिचा काही संबंध नाही. पण त्यात रंगमंचावर सादर होणारे एक समूहगीत आहे. शब्द कवी प्रदीप यांचे, संगीत अनिल विश्वासांचे, मुख्य आवाज अमीरबाई कर्नाटकी आणि खान मस्ताना यांचे. परक्यांनी या देशातून दूर व्हावे, असे ते गाणे बजावते. महायुद्ध चालू होते, म्हणून गाण्यात जर्मन आणि जपानी यांची नावे घातली. सेन्सॉरला वाटले, सरकारच्या शत्रूंनाच दम दिला जातो आहे. प्रेक्षकांना मात्र नेमके कोणाला जायला सांगितले आहे ते पहिल्याच कडव्यात कळले. कलकत्त्याच्या रॉक्सी थिएटरात हा चित्रपट तीन वर्षांहून अधिक काळ चालला.

म्हणजे गवालिया टँकवर जे उघड बोलले गेले, तेच मालाडच्या स्टुडिओत वेश पालटून बोलले गेले. उघड बोलणारा तुरुंगात होता आणि वेश पालटलेले शब्द देशभर टाळ्या घेत होते. यात स्टुडिओला दोष देण्याचे कारण नाही. बंदीच्या काळात असे बोलणे ही हिंमतच होती. पण इंग्रज गेल्यावर तो वेश उतरवता आला असता. तसे झाले का?

१९४३ मध्ये बॉम्बे टॉकीजमधून फुटलेल्या मंडळींनी गोरेगावात फिल्मिस्तान काढले. तिथे स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ मध्ये, ‘शहीद’ तयार झाला. दिलीपकुमार त्यात बेचाळीसच्या चळवळीतला तरुण आहे. तो फासावर जातो, प्रेक्षक रडत घरी जातात. त्या वर्षीच्या सर्वांत यशस्वी चित्रपटांत त्याची गणना होते. पुढच्या सत्तर-पाऊणशे वर्षांचा साचा इथे पक्का झाला: एक देखणा वीर, एक गोरा जुलमी, मधे बलिदान किंवा सूड. १९८१ चा ‘क्रांती’ याच साच्यातला. २०२२ च्या ‘आरआरआर’मध्ये हाच साचा हजार हत्तींचे बळ घेऊन आला. त्याच्या शेवटच्या गाण्यात देशाचे अनेक वीर झळकतात, पण गांधी आणि नेहरू त्यांत नाहीत. ज्या लढाईत हत्यार नव्हते, ती पडद्याला लढाई वाटेनाशी झाली. मग वाचनाची यादी तयार करणाऱ्या माणसाची काय कथा?

मेहेरअलींच्या आयुष्यातला एक प्रसंग पाहा. तुरुंगात त्यांना हृदयविकाराचा झटका आला. सरकारने खास इस्पितळात उपचाराची तयारी दाखवली. आपल्याबरोबरच्या दोन आजारी कैद्यांनाही तीच सोय द्या, असे त्यांनी सांगितले. सरकारने ते नाकारले, तेव्हा त्यांनी स्वतःसाठीची सवलतही नाकारली. यात ना घोडा आहे ना तलवार. पण समाजवाद या शब्दाचा अर्थ यापेक्षा थोडक्यात सांगणे अवघड आहे.

या साच्याच्या थोडे बाहेर जाणारा मोठा चित्रपट म्हणजे २००१ चा ‘लगान’. तिथे नायक एकटा नाही, अकरा जणांचा संघ आहे. त्यात इस्माईल आहे, अस्पृश्य मानलेला कचरा आहे. भांडण करावरून, म्हणजे भाकरीवरून आहे. पैज जिंकली की साऱ्या प्रांताचा तीन वर्षांचा लगान माफ. संघ जिंकतो, पाऊस पडतो, छावणी उठते, आपण खुश. पण एक प्रश्न मेहेरअलींनी नक्की विचारला असता: चौथ्या वर्षी काय? राजा पूरनसिंग तिथेच आहे. जमीन कोणाची, पीक कोणाचे, कचराने विहिरीवर पाणी भरायचे की नाही, हे पडद्यावर ठरतच नाही. समाजवाद्यांचे सारे राजकारण या चौथ्या वर्षाबद्दल होते. म्हणूनच इंग्रज गेल्यावर, १९४८ मध्ये, ते काँग्रेसमधून बाहेर पडले आणि सत्तेच्या दारातून मागे फिरले. मेहेरअलींना पुढे फार वेळ मिळाला नाही. २ जुलै १९५० रोजी, वयाची सत्तेचाळीस वर्षे पूर्ण होण्याआधीच, ते गेले.

चौथ्या वर्षाची लढाई उपनगरांनी पाहिली आहे. ज्या गोरेगावात ‘शहीद’ झाला, त्याच गोरेगावात समाजवादी मृणाल गोरे बायकांना घेऊन पाण्यासाठी रस्त्यावर आल्या. १९६१ मध्ये नगरसेविका झाल्या आणि लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हटले. त्याच वर्षी मेहेरअलींच्या नावाने केंद्र स्थापन झाले. पनवेलजवळ तारा गावात त्याचे काम उभे राहिले, आणि डॉ. जी. जी. पारीख यांनी २०२५ मध्ये शंभरीत निधन होईपर्यंत ते जपले. फिल्मिस्तानची जागा त्याच २०२५ मध्ये एका बांधकाम कंपनीला विकली गेली.

आता आपल्याविषयी. स्वातंत्र्यलढ्याच्या या चित्रपटांत मुसलमान असतोच. ‘क्रांती’त करीमखान आहे, ‘लगान’मध्ये इस्माईल, २००६ च्या ‘रंग दे बसंती’त अस्लम. तो दिलदार आहे, निष्ठावान आहे, नायकाच्या खांद्याला खांदा लावून उभा आहे. ‘आरआरआर’मध्ये तर अख्तर हे नायकाने लपण्यासाठी घेतलेले नाव आहे. तो सोबती असतो, कधी मुखवटा असतो. लढ्याचे शब्द त्याने दिले, असे क्वचितच दिसते. इतिहासात मात्र साऱ्या देशाच्या ओठांवरचे शब्द एका युसूफने दिले.

हे वाचून आपल्यापैकी अनेकांना एक मोह होईल. कोणी आपल्या देशप्रेमावर शंका घेतली की खिशातून मेहेरअलींचे नाव काढून दाखवायचे. हा मोह समजण्यासारखा आहे, पण तो आवरायला हवा. मेहेरअली लीगच्या राजकारणापासून दूर राहिले आणि कौमेचे प्रतिनिधी म्हणून त्यांनी कधी जागा मागितली नाही. त्यांना दाखला म्हणून वापरणे म्हणजे आरोपीच्या पिंजऱ्यात स्वतःहून जाऊन उभे राहणे. ते आपले आहेत याचा अर्थ त्यांचा प्रश्न आपला आहे. गोवंडी-मालवणीच्या गल्लीत पाणी किती वाजता येते, कुर्ल्याच्या कारखान्यातल्या पोराला रोज किती मिळतो, मुलीचे शिक्षण कितव्या इयत्तेत थांबते, हे त्या चौथ्या वर्षाचेच हिशेब आहेत. ते मागताना आपल्या शेजारी उभा असणारा कोणत्या जातीधर्माचा आहे हे मेहेरअलींनी विचारले नसते, आणि आपण कोणत्या धर्माचे आहोत हे त्याला पटवून देण्यातही त्यांनी वेळ घालवला नसता.

सिनेमा त्यांच्यावर निघाला तर आनंदच आहे. निघाला नाही तरी अडत नाही. ‘चले जाव’ म्हणून झाले. ज्यांनी जायचे ते गेले. राहिलेल्यांनी कसे राहायचे, हा त्यांचा प्रश्न अजून आपल्यापुढे आहे.