पहूरमध्ये प्लॉट किंवा शेत घेताय? योग्य एजंट कसा निवडायचा, समजून घ्या

जळगाव जिल्ह्यातल्या जामनेर तालुक्यातलं पहूर हे रस्त्यावरचं गाव. जळगावहून अजिंठा, सिल्लोडमार्गे छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा महामार्ग इथून जातो. जामनेर आणि पाचोऱ्याकडे जाणारे रस्तेही इथेच फुटतात. २०२० पासून बंद असलेल्या पाचोरा–जामनेर नॅरोगेज रेल्वेचं ब्रॉडगेजमध्ये रूपांतर होणार, ही चर्चाही आहेच. साहजिकच 'रोड टच', 'रेल्वे आली की भाव डबल' असे मेसेज व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरत असतात आणि प्रत्येक मेसेजखाली एका एजंटचा नंबर असतो.

गावात एजंट हा बहुतेकदा ओळखीचाच माणूस असतो. कुणाचा मामेभाऊ, कुणाचा वर्गमित्र, कुणी चहाच्या टपरीवर रोज भेटणारा. त्यामुळे त्याला कागद मागायला संकोच वाटतो. पण व्यवहार फसला, तर अडकतात ते घरातले आयुष्यभराचे पैसे. म्हणून एजंट निवडताना ओळख आणि कमिशनचा दर या गोष्टी नंतर पाहायच्या. इसार देण्याआधी कोण किती कागद दाखवतो आणि कोण किती गोष्टी लिहून देतो, यावर तुलना करायची. ती कशी, ते पाहू.

आधी ठरवा: नेमकं काय घ्यायचं आहे?

एजंटला कोणते नियम लागू होतात, हे व्यवहारावर अवलंबून असतं. पहूरसारख्या गावात साधारण तीन प्रकारचे व्यवहार होतात.

१) बिल्डर किंवा विकासकाने पाडलेला नवा प्लॉट किंवा बांधलेलं घर. नियोजन क्षेत्रात ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकायचे असतील, तर स्थावर संपदा कायदा २०१६ नुसार त्या प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी लागते. असा प्रकल्प विकणाऱ्या एजंटलाही स्वतःची नोंदणी लागते.

२) जुनं घर किंवा आधी कुणीतरी घेतलेला प्लॉट, म्हणजेच रिसेल.

३) शेतजमीन. मालक विकतो, दुसरा शेतकरी विकत घेतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारातले व्यवहार सहसा महारेराच्या कक्षेत येत नाहीत. तिथे 'माझ्याकडे महारेराचा नंबर आहे' एवढ्यावर विसंबता येत नाही आणि नंबर नाही म्हणून एजंट खोटा, असंही म्हणता येत नाही. तिथे कागदच तपासावे लागतात.

महारेरा नोंदणी कशी तपासायची?

महाराष्ट्रात महारेराचं काम मे २०१७ पासून सुरू आहे. एजंटच्या नोंदणी क्रमांकाची सुरुवात 'ए' या इंग्रजी अक्षराने होते, तर प्रकल्पाचा क्रमांक 'पी'ने सुरू होतो. अनेकदा एजंट प्रकल्पाचाच क्रमांक दाखवून वेळ मारून नेतो. त्यामुळे दोन्ही क्रमांक वेगवेगळे मागा आणि महारेराच्या संकेतस्थळावर स्वतः शोधा.

शोधताना तीन गोष्टी पाहा. नाव तेच आहे का? नोंदणीची मुदत संपली आहे का? ही नोंदणी पाच वर्षांसाठी असते. आणि त्याने प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास केली आहे का? महारेराने २०२३ मध्ये एजंटांसाठी प्रशिक्षण आणि सक्षमता प्रमाणपत्र बंधनकारक केलं. हे प्रमाणपत्र सादर न केल्यामुळे २०२४ मध्ये सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी स्थगित झाली होती. म्हणजे जुनं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं असलं, तरी नोंदणी आज चालू असेलच असं नाही.

जाहिरातीवरही लक्ष ठेवा. ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत महारेराचा क्यूआर कोड देणं बंधनकारक आहे. तो मोबाइलने स्कॅन केला की प्रकल्पाची माहिती थेट उघडते.

'गावात महारेरा लागतच नाही' असं एजंट म्हणाला, तर तो गट नियोजन क्षेत्रात येतो की नाही, याचं लेखी उत्तर नगररचना कार्यालयातून आणायला सांगा.

शेतजमीन असेल तर एजंटकडून कोणते कागद मागायचे?

पहिला प्रश्न गावाचाच. पहूर पेठ आणि पहूर कसबे ही वेगवेगळी गावं आहेत. सातबारा शोधताना गाव चुकलं, तर त्याच गट नंबरवर भलत्याच माणसाची जमीन दिसेल. एजंटने गाव आणि गट नंबर दोन्ही स्पष्ट सांगितले पाहिजेत.

मग पुढचे कागद:

• डिजिटल स्वाक्षरीचा ताजा सातबारा. तो १५ रुपयांत ऑनलाइन मिळतो. एजंटने दिलेली झेरॉक्स पाहा, पण सातबारा स्वतः काढा.

• भोगवटादार वर्ग. 'वर्ग १' असेल तर मालक साधारणपणे स्वतःच्या हक्काने विकू शकतो. 'वर्ग २' असेल तर बहुतेक वेळा सरकारी परवानगी लागते. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला घ्यायची असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय व्यवहार होत नाही.

• 'इतर हक्क' हा रकाना. सोसायटी किंवा बँकेचा बोजा, कुळाची नोंद, कोर्टातला दावा, भूसंपादन अशा गोष्टी इथे दिसू शकतात. रेल्वे किंवा रस्ता येणार म्हणून भाव वाढवून सांगत असतील, तर त्याच गटातली जागा संपादनात जाणार आहे का, हेही विचारा.

• फेरफार आणि वारस नोंदी. बहिणींची किंवा चुलत भावांची नावं कधी लागली, कधी कमी झाली आणि कशाच्या आधारावर, हे यातून कळतं.

• मोजणी नकाशा आणि वहिवाटीचा रस्ता. सातबाऱ्यावर क्षेत्र असतं, पण शेतात जायला वाट आहे की नाही, हे बांधावर उभं राहूनच समजतं.

आणखी एक अट आहे. महाराष्ट्रात शेतजमीन घेणारी व्यक्ती साधारणपणे शेतकरी असावी लागते. 'शेतकरी दाखला नसला तरी करून देतो' असं सांगणारा एजंट तिथेच यादीतून बाद करा.

'दोन गुंठ्यांचा प्लॉट, नोटरीवर' म्हणजे काय?

गावाकडे सगळ्यात जास्त पैसे इथे अडकतात. तुकडेबंदी कायद्यानुसार ठरलेल्या प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा करून शेतजमीन विकता येत नाही. २०२३ च्या अधिसूचनेनुसार हे क्षेत्र बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे आहे. २०२५ मध्ये ठराविक क्षेत्रांसाठी यात सवलत देण्यात आली. ती तुमच्या गटाला लागू आहे का, हे जामनेर तहसील कार्यालयातून समजून घ्या.

खरेदीखत होत नाही म्हटल्यावर काही जण नोटरी किंवा मुखत्यारपत्राचा मार्ग सुचवतात. पण १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेच्या विक्रीला नोंदणीकृत दस्त लागतो. नोटरीच्या कागदाने मालकी मिळत नाही. मुखत्यारपत्राच्या आधारे केलेल्या अशा 'विक्री'ने मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलं आहे.

'गावठाणाला लागून आहे, एनए होऊनच जाईल' हेही नेहमीचं वाक्य. होऊन जाईल आणि झालं आहे, यात फरक आहे. बिगरशेतीचा आदेश किंवा सनद आणि मंजूर लेआउट मागा. दोन्ही नसतील तर तो प्लॉट नाही, शेताचा तुकडा आहे.

तीन एजंट, सहा प्रश्न

एकाच एजंटवर थांबू नका. किमान तिघांना भेटा आणि तिघांनाही हेच प्रश्न विचारा. उत्तरं वहीत शेजारी शेजारी लिहा.

१. तुम्ही कुणाच्या बाजूने काम करता: घेणाऱ्याच्या, विकणाऱ्याच्या की दोघांच्या?

२. कमिशन किती, कुणाकडून आणि केव्हा घेणार?

३. मूळ मालकाशी माझी थेट भेट कधी घालून द्याल?

४. याच शिवारात तुम्ही केलेल्या दोन-तीन व्यवहारांतल्या खरेदीदारांशी बोलता येईल का?

५. माझ्या वकिलाने कागद तपासेपर्यंत थांबाल का?

६. हे सगळं लिहून द्याल का?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर पडताळता येतं. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्च सुविधेत गाव आणि गट नंबर टाकून नोंदवलेल्या दस्तांची सूची क्रमांक २ पाहता येते. झालेले व्यवहार आणि दस्तात दाखवलेली किंमत त्यातून समजते.

कमिशन: कमी दर म्हणजे स्वस्त एजंट?

महारेरा कायद्याने कमिशनचा दर ठरवून दिलेला नाही. तो बोलणीतून ठरतो. साधारण एक ते दोन टक्के मागितले जातात. समजा, जमीन २० लाखांची आहे. एक टक्क्याने कमिशन २० हजार, दोन टक्क्यांनी ४० हजार. फरक २० हजारांचा.

आता समजा, मालकाला १९ लाखच हवे होते आणि एजंटने तुम्हाला २० लाख सांगून वरचा एक लाख मध्येच ठेवला. कमिशन एक टक्काच घेतलं तरी तुमचे एक लाख जास्त गेले. तिसरा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा. मालकाच्या तोंडून भाव ऐकल्याशिवाय इसार देऊ नका. तुम्ही नेमलेल्या एजंटने तुमच्यापासून लपवून स्वतःचा फायदा केला, तर तो फायदा मागण्याचा हक्क भारतीय करार कायदा १८७२ तुम्हाला देतो. अर्थात, त्यासाठी नेमणूक लेखी असलेली बरी.

मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, वकील आणि मोजणीचा खर्च कमिशनपासून वेगळा लिहून घ्या. 'सगळं मिळून एवढे द्या' हा हिशोब मान्य करू नका. नोंदणी फी १ टक्का आणि जास्तीत जास्त ३० हजार रुपये असते.

इसार देताना

पैसे एजंटच्या हातात नाही, मालकाच्या खात्यात द्या. सौदापावतीवर गट नंबर, क्षेत्र, एकूण किंमत, खरेदीखताची तारीख आणि कागदात दोष निघाला तर रक्कम परत मिळेल, ही अट असू द्या. नोंदणीकृत प्रकल्प असेल तर विक्री करार नोंदवण्याआधी विकासक १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही.

'उद्या दुसरी पार्टी येतेय, आजच टोकन द्या' असं म्हटलं, तर ते टोकन एका दिवसाने पुढे ढकला. चांगली जमीन हातची गेली तर दुसरी मिळेल. अडकलेला इसार सोडवायला वर्षं जातात.

पुणे, सुरत किंवा नाशिकला राहून गावची जमीन विकणाऱ्यांनीही काळजी घ्यावी. एजंटला विक्रीचे अधिकार असलेलं मुखत्यारपत्र किंवा मूळ कागद देऊ नका. गिऱ्हाईक दाखवण्यापुरतं, मुदत घातलेलं पत्र पुरेसं आहे. खरेदीखताच्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात स्वतः हजर राहा.

फसवणूक झाली तर कुठे जायचं?

नोंदणीकृत प्रकल्प किंवा एजंट असेल तर महारेराकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्यासाठी ५ हजार रुपये शुल्क आहे. नोंदणी लागू असताना ती न करता काम करणाऱ्या एजंटला दररोज १० हजार रुपये आणि एकूण मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो.

इतर व्यवहारांत, पैसे घेऊन दिलेल्या सेवेत कसूर झाली तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. खोटे कागद दाखवून पैसे घेतले असतील तर पोलीस ठाण्यात तक्रार द्या. दोन्हीकडे उपयोगी पडतात त्या बँकेच्या नोंदी, सौदापावती आणि जपून ठेवलेले व्हॉट्सअॅप मेसेज.

ओळखीच्या माणसाला कागद मागणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं नव्हे. ज्याचा व्यवहार सरळ आहे, त्याला सातबारा आणि मालकाची भेट दाखवायला अडचण नसते. जो त्यावर चिडतो, त्याचं नाव वहीतून खोडून टाका.