हौसेचें मोल

"हौसेला मोल नाहीं" ही म्हण आपल्याकडे घरोघर ऐकूं येते. लग्नांत ऐपतीबाहेर खर्च झाला, कोणी पोस्टाच्या जुन्या तिकिटांपायीं महिन्याचा पगार उधळला, किंवा ऐन पावसाळ्यांत कोणी गड चढावयास निघाला, म्हणजे घरांतील वडील माणसें हीच म्हण पुढें करून विषय संपवितात. हौसेची किंमत पैशांत मोजूं नये, असा तिचा सरळ अर्थ आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाचें तेवढ्यानें समाधान होत नाहीं. हौसेला मोल नसेल. पण हौस भागविण्यास मोल पडतें, आणि तें कोणीतरी मोजलेलें असतें. तें कोणीं मोजलें, आणि हौशी म्हणून नांव कोणाचें झालें, ह्या दोन प्रश्नांचें उत्तर पुष्कळदां एकच येत नाहीं. प्रवास आणि खेळ ह्या दोन हौशींच्या आधारें प्रस्तुत लेखांत ह्याच गोष्टीचा थोडासा विचार करावयाचा आहे.

प्रथम प्रवास घेऊं. केवळ हौसेसाठीं घर सोडणें हें आपल्याकडे पूर्वीं शहाणपणाचें लक्षण मानीत नसत. तीर्थयात्रा, व्यापार, चाकरी, दक्षिणा, असें कांहींतरी कारण प्रवासास लागे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ सालीं उत्तरेकडे निघाले ते घरचें कर्ज फेडण्यासाठीं. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आणि ब्राह्मणांस दक्षिणा भरपूर मिळणार, असें त्यांच्या कानीं आलें होतें. वाटेंत बंडाची धामधूम उसळली. झांशीचा वेढा व पाडाव त्यांनीं शहरांत राहून पाहिला. गांठीचें द्रव्य लुटलें गेलें. आणि अखेरीस गंगेची कावड घेऊन ते घरीं परतले. त्यांचा 'माझा प्रवास' चिंतामणराव वैद्यांनीं १९०७ सालीं प्रसिद्ध केला. तो वाचतांना आम्हांस नेहमीं वाटतें कीं, ह्या गृहस्थांच्या अंगीं पाहण्याची आणि सांगण्याची हौस ओतप्रोत भरलेली होती. पण उंबरठा ओलांडण्यास हौस हें कारण पुरेसें नव्हतें. त्याला कर्ज आणि दक्षिणा ह्यांचाच आधार लागला.

ह्यानंतर ६६ वर्षांनीं, १९२३ च्या ऑक्टोबरांत, मुंबईचे कांहीं पारशी तरुण सायकलींवर बसून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकीं अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारें ४४,००० मैलांची रपेट पुरी करून मार्च १९२८ मध्यें मुंबईस परत आले. त्यांना ना कर्ज फेडावयाचें होतें, ना पुण्य जोडावयाचें होतें. जग पाहावें आणि आपल्या पायांच्या बळावर पाहावें, एवढाच त्यांचा हेतु. दोन पिढ्यांत केवढा हा पालट! जी हौस भटजींना आडपडद्यानें बाळगावी लागली, ती आतां उघड्या माथ्यानें हिंडूं लागली आणि प्रतिष्ठित झाली.

ही प्रतिष्ठा हौसेला इंग्रजी विद्येबरोबर आली, आणि येतांना आपल्यासोबत एक कुंपणही घेऊन आली. आपण ज्याला हौशी खेळाडू म्हणतों त्याला इंग्रजींत 'अमॅच्युअर' म्हणतात. शब्दाच्या मुळाशीं प्रेम आहे; जो प्रेमापोटीं खेळतो तो अमॅच्युअर. परंतु ह्या प्रेमळ शब्दाची इंग्रजांनीं केलेली व्याख्या पाहिली म्हणजे मन चकित होतें. १८६६ सालीं लंडनांत स्थापन झालेल्या अमॅच्युअर ॲथलेटिक क्लबानें, पैशासाठीं धांवणाराबरोबरच कारागीर आणि मजूर ह्यांनाही हौशींच्या पंक्तींतून उठविलें. १८७९ सालीं हेन्ले येथील नौकांच्या शर्यतींच्या चालकांनीं तोच कित्ता गिरविला. खेळाचे पैसे न घेणें एवढ्यानें भागत नसे. हातानें काम करून पोट भरणारा मनुष्य, त्यानें खेळाची एक कवडीही घेतली नसली तरी, हौशी ठरत नसे. धांवण्याच्या शर्यतींतून ही अट १८८० सालीं गेली. हेन्लेस मात्र ती पुढें अर्धशतकाहून अधिक काळ टिकली. क्रिकेटच्या धांवफलकावरही हा भेद छापला जाई: हौशी सद्गृहस्थाचीं आद्याक्षरें आडनांवापूर्वीं, आणि पगारी खेळाडूचीं आडनांवानंतर. हा प्रकार इंग्लंडांत १९६२ सालीं संपला.

आतां हें कुंपण आपल्या पुण्यांत कसें दिसलें तें पाहूं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत पुण्याच्या गोऱ्या साहेबांच्या क्लबांत पाळवणकर बाळू नांवाचा चर्मकार समाजांतील एक तरुण महिना चार रुपये पगारावर नोकरीस होता. खेळपट्टी झाडणें, तिच्यावर रूळ फिरविणें, जाळी उभारणें हें त्याचें काम. पुढें साहेब मंडळी सरावासाठीं त्याच्याकडून गोलंदाजी करवून घेऊं लागली. डावखुऱ्या हातानें त्यानें ह्या लोकांस तासन् तास चेंडू टाकले. परंतु त्या सर्व वर्षांत एकदांही त्याच्या हातीं बॅट देण्यांत आली नाहीं. चेंडू टाकणें हें कष्टाचें काम, तें नोकरानें करावें. फलंदाजी ही मौज, ती मालकांची! हौस आणि मजुरी ह्यांची वांटणी इतक्या स्वच्छपणें क्वचितच कोणीं करून दाखविली असेल.

त्याच बाळूंना पुढें पुण्याच्या हिंदूंनीं आपल्या संघांत घेतलें. घेतलें खरें, पण मैदानावर ज्यांनीं त्यांच्या हातचा चेंडू झेलला, त्यांनींच विश्रांतीच्या वेळीं त्यांचा चहा निराळ्या भांड्यांत बाहेर दिला. १९०६ सालीं मुंबईस हिंदूंनीं युरोपियनांचा पराभव केला त्या संघांत बाळू होते. १९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नायकत्वाखालीं हिंदी संघ विलायतेस गेला, तेव्हां त्या दौऱ्यांत बाळूंनीं ११४ बळी घेतले. हिंदूंच्या संघाचें नायकत्व त्यांना कधींच लाभलें नाहीं. तें १९२३ सालीं त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल ह्यांस मिळालें. बाळूंचें खेळावर प्रेम नव्हतें असें कोण म्हणेल? तथापि ज्या प्रेमाची सुरुवात चार रुपयांच्या पगारानें झाली, त्याला हौस म्हणण्यास समाजाची जीभ रेटत नव्हती.

दुसरें उदाहरण ऑलिंपिकचें. १९०६ सालीं पुण्यांत डेक्कन जिमखाना निघाला. पहिलें महायुद्ध संपलें त्या सुमारास त्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा होते. जिमखान्याच्या शर्यतींत त्यांनीं काय पाहिलें तें त्यांनींच १९२९ सालीं आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांस पत्रानें कळविलें आहे. मैदान लहान, म्हणून शंभर यार्डांची शर्यतही वळणावरून धांवविण्याचा बेत चाललेला. धांवणारे बहुतेक शेतकऱ्यांचे मुलगे, अंगावर साधे कपडे, पायांत कांहीं नाहीं, पोटांत साधें अन्न आणि पाठीशीं कोणी शिक्षक नाहीं. असें असूनही लांब पल्ल्याच्या शर्यतींत ह्या मुलांनीं लावलेला वेळ युरोपांतील वेळेच्या तोडीचा होता. दोराबजींनीं खटपट केली, पदरचे पैसे घातले, सरकार व लोक ह्यांच्याकडून वर्गणी जमविली, आणि १९२० सालीं बेल्जममधील अँटवर्प येथें हिंदुस्थानचे सहा खेळाडू उतरले. त्यांत चौगुले, दातार, कैकाडी व बंगालचे बॅनर्जी हे धांवणारे, आणि नवले व शिंदे हे मल्ल होते.

समुद्रापलीकडचा हा पहिलाच प्रवास, परकें अन्न, परकी हवा, आणि पायांखालीं परकी जमीन. तांबड्या मातींत मुरलेल्या मल्लाला गादीवरची कुस्ती म्हणजे निराळाच ग्रंथ. तरीसुद्धां रणधीर शिंदे तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीपर्यंत पोंचले आणि तेथें एका ब्रिटिश मल्लाकडून हरले. त्या वर्षींची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरांची, म्हणजे सर्व ऑलिंपिकांत लांब होती. फिनलंडच्या कोलेहमाइननेनें ती २ तास ३२ मिनिटांत जिंकली. बेळगांवकडील फडेप्पा चौगुले २ तास ५० मिनिटें ४५ सेकंदांत १९ वे आले. पदक आलें नाहीं. म्हणून शाळेच्या पुस्तकांतही हीं नांवें आलीं नाहींत. पण ज्यांना हौस करण्यास फुरसद नाहीं असें मानलें गेलें होतें, त्यांनींच आपल्या देशाची हौस प्रथम जगापुढें मांडली, ही गोष्ट लहान नव्हे.

ह्याच अँटवर्पांत आणखी एक गंमत घडली. जॉन केली हा अमेरिकन नाविक त्याच वर्षीं हेन्लेस जावयाचा होता; चालकांनीं त्याचा अर्ज फेटाळला. त्याच्या क्लबावर जुनी बंदी होती हें एक कारण, आणि तो गवंडीकाम केलेला, म्हणून व्याख्येंत बसत नाहीं, हें दुसरें. हेन्लेची ती शर्यत जिंकणाऱ्या बेरेसफर्डला केलीनें अँटवर्पास मागें टाकून सुवर्णपदक घेतलें. कुंपण किती फोल होतें हें ह्याहून स्पष्ट कसें व्हावें?

ऑलिंपिकचें स्वतःचें कुंपणही कांहीं कमी कडक नव्हतें. आपल्या मल्लांना तें कसें लावावयाचें हा मोठाच प्रश्न होता. आपल्या जत्रेंत कुस्त्यांचा फड रेवड्यांपासून सुरू होतो. पोरें रेवड्यांवर लढतात, मग नारळ, मग रुपये, मग फेटा आणि चांदीचें कडें. कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या पदरीं कितीतरी पैलवान खुराक खाऊन तयार झाले. हे सगळे धंदेवाईक म्हणावयाचे काय? अमेरिकेच्या जिम थॉर्पनें फावल्या वेळांत बेसबॉल खेळून थोडा पैसा घेतला होता, एवढ्यावरून त्याचीं १९१२ चीं पदकें पुढील वर्षीं हिरावून घेतलीं गेलीं. त्याचा मान १९८२ सालीं अर्धवट व २०२२ सालीं पुरता परत देण्यांत आला. तोंवर थॉर्पच्या मृत्यूस जवळजवळ ७० वर्षें लोटलीं होतीं.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ सालीं हेलसिंकीस निघाले तेव्हां नियमाप्रमाणें ते निर्भेळ हौशी होते. आणि म्हणूनच त्यांच्यापाशीं प्रवासापुरतेही पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनीं स्वतःचें घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. गांवकऱ्यांनींही जमेल तशी भर घातली. जाधवांनीं कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें ऑलिंपिकमधील तें पहिलें वैयक्तिक पदक. गांवीं बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर जाधवांनीं कुस्त्यांचे फड भरविले, आणि त्या पैशांतून प्राचार्यांचें ऋण फेडलें. हौसेनें जें कर्ज केलें तें अखेर पैशाच्या कुस्तीनें फेडावें लागलें! शासनाचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो त्यांच्या निधनानंतर.

आम्ही मास्तर मंडळी सुटींत गड पाहावयास जातों. पायथ्याच्या वाडीवरचा एखादा गडी वाटाड्या म्हणून पुढें चालतो. आमची पिशवी त्याच्या खांद्यावर असते. टांक्याचें पाणी कोणतें प्यावें आणि कोणती वाट कड्यावर संपते हें त्यालाच ठाऊक असतें. गड दोघेही सारखाच चढतों. पण परत आल्यावर लेख आम्ही लिहितों, साहस आमचें होतें, आणि त्याची मात्र दिवसाची मजुरी होते. चार घटका माथ्यावर बसून तो खालच्या खोऱ्यांतील एक एक गांव बोटानें दाखवूं लागला, म्हणजे त्याच्या चेहऱ्यावर जें दिसतें तें मजुरीचें खास नव्हे.

आतां ऑलिंपिकमधून हौशीपणाची अट गेली आहे, क्रिकेटपटूंचे लिलांव होतात, आणि खरी हौस नष्ट झाली असा सूर वृद्ध मंडळी काढतात. आम्हांस ही हळहळ अर्धीच पटते. बाजार माजला हें खरें. परंतु मोल घेतल्यानें प्रेम उणें होतें ही समजूत, मोल न घेतां ज्यांचें सुखानें चाले अशा लोकांनीं घालून दिलेली आहे. बाळूंचा चेंडू पगारामुळें कमी वळला नाहीं, आणि फडांतल्या रुपयांमुळें जाधवांच्या पदकाला गंज चढला नाहीं.

ठिकठिकाणच्या क्लबांचे व तालमींचे सुवर्णमहोत्सवी, शतसांवत्सरिक ग्रंथ आम्ही चाळतों. अध्यक्षांचीं छायाचित्रें, देणगीदारांच्या याद्या आणि नायकांचीं नांवें त्यांत क्रमवार सांपडतात. खेळपट्टीवर रूळ फिरविणारा, हौद्याची माती चाळणारा आणि जाळी बांधणारा मात्र सांपडत नाहीं. असे ग्रंथ लिहिणारांस आमची एवढीच विनंती आहे कीं, जुन्या हिशेबाच्या वह्या अजून वाळवीनें खाल्ल्या नसतील तर त्यांतील पगाराचीं पानें एकदां उलगडून पाहावींत. हौसेचें मोल तेथें, आणा-पैच्या रकान्यांत, नांवनिशीवार लिहिलेलें आहे.