कंबोडियाचे राजनृत्य: काचेवर काय उरले, देहात काय उरले?

१/ सन १९२७, नॉम पेन्ह. कंबोडियाच्या राजनर्तकी एका फ्रेंच अभ्यासकाच्या कॅमेऱ्यासमोर एकेक मुद्रा धरून स्थिर उभ्या आहेत. हे नृत्य फार काळ टिकणार नाही, अशी त्याला भीती वाटत होती. अर्धशतकानंतर ते खरोखरच विनाशाच्या काठावर आले, पण त्याने कल्पनाही केली नव्हती अशा कारणाने. आजचा धागा त्या छायाचित्रांविषयी आणि त्यांत न मावलेल्या गोष्टींविषयी.

२/ हा अभ्यासक म्हणजे जॉर्ज ग्रोलिए. जन्म १८८७, नॉम पेन्हमध्येच. १९१३ मध्ये त्यांनी कंबोडियाच्या नर्तकींवर ग्रंथ लिहिला. १९२० मध्ये उघडलेले संग्रहालय, म्हणजे आजचे राष्ट्रीय संग्रहालय, त्यांनीच उभारले. यातला विरोधाभास लक्षात घ्या: ज्या वसाहती राजवटीने राजदरबार दुबळा केला, तिचाच एक अधिकारी दरबाराची कला जतन करायला निघाला होता.

३/ युरोपला या नर्तकींची ओळख आधीच झाली होती. १९०६ मध्ये राजा सिसोवाथ यांच्यासोबत त्या फ्रान्सला गेल्या, तेव्हा शिल्पकार रोदँ यांनी त्यांची सुमारे १५० चित्रे काढली. रोदँ यांना हालचालीची लय पकडायची होती. ग्रोलिए यांना मुद्रांची नोंद हवी होती.

४/ म्हणूनच त्यांच्या काचेच्या प्लेट्स अभ्यासकाला मोलाच्या वाटतात. मागे वळलेली बोटे, कोपराचा बाक, गुडघ्याचा कोन, सारे स्पष्ट दिसते. अंगकोरच्या भिंतींवरील अप्सरांशी ताडून पाहता येईल इतके स्पष्ट.

५/ पण नृत्य मुद्रेच्या आधी सुरू होते. प्रयोगापूर्वी नर्तकीचा पोशाख तिच्या अंगावरच सुईदोऱ्याने शिवून बसवतात. मुकुट चढतो. गुरूंना वंदन होते. बोटांना ती लवचिकता यावी म्हणून बालपणापासून सराव चाललेला असतो. शिवाय एका मुद्रेतून दुसरीत जायचे कसे, पिनपीट वाद्यवृंदाच्या कोणत्या ठेक्यावर, हे स्थिर चित्र सांगू शकत नाही.

६/ हे सारे राहत होते देहात. १९२५ मध्ये सहा वर्षांची एक मुलगी नृत्य शिकण्यासाठी राजवाड्यात दाखल झाली. तिचे नाव चिआ सामी. ग्रोलिए मुद्रा टिपत होते, त्याच काळात ही मुलगी त्या मुद्रा अंगी बाणवत होती.

७/ १७ एप्रिल १९७५. ख्मेर रूज नॉम पेन्हमध्ये शिरले आणि शहर रिकामे करण्यात आले. पुढील पावणेचार वर्षांत सुमारे १७ लाख माणसे मेली. राजनृत्याचे जवळजवळ सारे जाणते गुरू आणि वादक त्यांत संपले. ग्रोलिए स्वतः १९४५ मध्येच जपानी कैदेत मरण पावले होते.

८/ चिआ सामी यांच्याही वाट्याला श्रमाचे जिणे आले. अमिताव घोष यांनी पुढे त्यांची भेट घेऊन लिहिलेली हकिगत थरारक आहे. सामुदायिक स्वयंपाकघरात लावलेल्या सर्वोच्च नेत्याच्या चित्रावरून त्यांना उमगले की हा ‘पोल पॉट’ म्हणजे आपला धाकटा दीर सालोथ सार. एके काळी आपल्याच घरी राहिलेला.

९/ जानेवारी १९७९ मध्ये ती राजवट कोसळली. वाचलेल्या मोजक्या कलावंतांनी एकमेकांना शोधले, आठवणी जुळवल्या आणि मुलींना शिकवायला आरंभ केला. त्यांत चिआ सामी अग्रभागी होत्या. पन्नासेक वर्षे देहात मुरलेले नृत्य त्या नव्या पिढीच्या हातात उतरवत राहिल्या. १९९४ मध्ये त्या गेल्या.

१०/ २००३ मध्ये युनेस्कोने या राजनृत्याला मानवजातीचा वारसा म्हणून गौरवले. काचेच्या प्लेट्स नसत्या तर १९२७ च्या मुद्रांचा पुरावा आपल्यापाशी नसता. पण केवळ प्लेट्स उरल्या असत्या, तर नृत्य हा पुराव्याचाच विषय होऊन बसला असता. म्हणून नर्तकीचे जुने छायाचित्र समोर आले की दोन प्रश्न विचारावेत: हे कोणी आणि कशासाठी थांबवले? आणि या क्षणाच्या आधी व नंतर काय होते, हे कोणाला ठाऊक होते?