भात सोडला आणि मांडी धरली

मी मूळचा गोंडपिपरीचा, म्हणजे दोन्ही वेळ भात खाणारा. पुण्यात नोकरी लागली आणि रविवारच्या फुटबॉलसाठी फिट व्हायचं म्हणून भात, पोळी सगळं बंद केलं. सहा किलो उतरलो. दुसऱ्याच महिन्यात धावताना मांडीचा स्नायू ताणला गेला.

घरी पडून इतिहास वाचला. आपल्याकडे फुटबॉलचं वेड म्हणजे कोल्हापूर. तिथले संघ आजही तालमींच्या नावानं खेळतात, जसं पाटाकडील तालीम मंडळ. आणि तालमीत व्यायामाइतकाच मान खुराकाला.

1973 मध्ये बेंग्ट साल्टिन यांनी स्वीडनचे खेळाडू तपासले. भात-पोळीसारख्या अन्नातून स्नायूंत साखरेचा साठा होतो, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. ज्यांचा साठा सामन्याआधीच कमी होता, ते कमी धावले, जास्त चालले.

1996 मध्ये आर्सेन वेंगर जपानहून आर्सेनलला आले. चॉकलेट बंद, उकडलेलं चिकन, मासे, भाज्या सुरू. खेळाडू कुरकुरले, पण 1998 मध्ये लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले. नीट बघा, शिस्त कडक होती, पण ताटात पास्ता होताच.

2014 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं उलट्या टोकाला नाव दिलं: रेड-एस. खेळात जेवढी ऊर्जा जाते तेवढं खाल्लं नाही, तर हाडं, हार्मोन्स, प्रतिकारशक्ती सगळंच ढासळतं, दुखापती वाढतात.

माझी मांडी फक्त भातामुळे गेली असं नाही, वॉर्मअपही टाळत होतो. पण आईला फोनवर सांगितलं, "भात सुरू केला." ती म्हणाली, "बंद कधी केला होता रे?"