कृत्रिम श्वास आणि अन्नाचे माप

हृदय-फुप्फुस यंत्राच्या इतिहासात रुग्णाच्या आहारास सहसा स्थान मिळत नाही, आणि आरंभीच्या काळापुरते ते योग्यही होते. जॉन गिबन ह्यांनी 6 मे 1953 रोजी फिलाडेल्फिया येथे ह्या यंत्राच्या साहाय्याने उघड्या हृदयावर पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली, तेव्हा यंत्राने रुग्णाचा सारा भार सुमारे 26 मिनिटे वाहिला. तेवढ्या अवधीत अन्नाचा प्रश्न उद्भवत नाही. 1971 साली कॅलिफोर्नियात डोनाल्ड हिल ह्यांनी अपघातात जबर जखमी झालेल्या एका तरुणास 75 तास यंत्रावर ठेवून वाचविले. पुढे हा अवधी आठवड्यांवर गेला आणि अन्न हा उपचाराचाच भाग ठरला.

योगायोग असा की, त्याच फिलाडेल्फियात 1960 नंतरच्या दशकात स्टॅन्ली डड्रिक व त्यांचे सहकारी ह्यांनी कुत्र्याची पिल्ले केवळ मोठ्या शिरेवाटे दिलेल्या पोषणद्रवावर वाढवून दाखविली होती. अन्न पोहोचविण्याचा मार्ग मोकळा झाला. किती पोहोचवावे, हे कोडे मात्र राहिले.

श्वसन हे एक मंद ज्वलन होय, असे लाव्हाझिए व लाप्लास ह्यांनी 1783 साली प्रतिपादिले. तेव्हापासून शरीराचा उष्मांकव्यय श्वासावरून मोजण्याचा प्रघात पडला. हॅरिस व बेनेडिक्ट ह्यांची 1919 ची सूत्रे अशाच मापनांवर उभी आहेत. परंतु ती मापने निरोगी माणसांची. आघातानंतर शरीर स्वतःचेच स्नायू खर्ची घालते, हे ग्लासगोच्या कथबर्टसन ह्यांनी 1930 च्या सुमारास अस्थिभंगाच्या रुग्णांच्या मूत्रातील नत्र मोजून दाखविले होते. तेव्हा अत्यवस्थ रुग्णाचे माप सूत्रावरून न काढता प्रत्यक्ष घ्यावयास हवे.

यंत्रावरील रुग्णाच्या बाबतीत नेमके हेच फसते. त्याचा बराचसा कार्बन डायऑक्साइड श्वासातून नव्हे, तर यंत्रातील कृत्रिम पटलातून बाहेर पडतो; प्राणवायूही तेथूनच रक्तात मिसळतो. केवळ श्वास मोजणाऱ्यास रुग्णाची गरज वास्तवाहून कितीतरी कमी भासते. जे यंत्र प्राण राखते, तेच रुग्णाची भूक झाकून ठेवते. 2010 नंतरच्या दशकात काही संशोधकांनी फुप्फुस व पटल ह्या दोन्ही ठिकाणचा वायुविनिमय मोजून त्यांची बेरीज करण्याची रीत अवलंबिली. रीत तर्कशुद्ध खरी, पण खाटेपाशी ती जिकिरीची आहे.

म्हणून सढळ हाताने अन्न द्यावे, असेही म्हणता येत नाही. बेल्जियममधील 4640 अतिदक्षता-रुग्णांवरील 2011 च्या चाचणीत शिरेवाटे पूरक पोषण आठवडाभर लांबविलेले रुग्ण लवकर सुधारले व त्यांच्यात जंतुसंसर्गही कमी आढळला. आतड्याच्या मार्गालाही धोका आहेच. रक्तदाब औषधांवर टिकविलेल्या रुग्णांस आरंभापासून नळीने पूर्ण आहार दिल्यास आतड्याचा रक्तपुरवठा खुंटण्याचे प्रमाण वाढते, असे 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच चाचणीत दिसून आले. ह्या दोन्ही चाचण्या खास यंत्रावरील रुग्णांच्या नव्हत्या, हे येथे नमूद केले पाहिजे.

हिशेबात आणखी एक चोरवाट आहे. गुंगीसाठी वापरले जाणारे प्रोपोफोल स्निग्ध पायसातूनच दिले जाते. त्याच्या दर मिलिलिटरमागे सुमारे 1.1 उष्मांक शरीरात जातात. ताशी 20 मिलिलिटरप्रमाणे ते दिवसभर चालले, तर 500 हून अधिक उष्मांक आहाराच्या तक्त्यात न येताच रुग्णास मिळालेले असतात.