बारा ते पन्नास

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे सोळा पानांचा मजकूर भाषांतराला आला. रायपुरातल्या एका वंध्यत्व-उपचार केंद्राची ती संमतिपत्रं होती. इंग्रजी आणि हिंदी तयार होतं. मराठी हवं होतं, कारण गोंदिया-आमगावकडची माणसं सकाळच्या गाडीने इथे येतात. त्यांना हिंदी बोलण्यापुरतं येतं, सही करण्यापुरतं नाही. मी भनपुरीत राहते. खिडकीखाली बिलासपूर रस्त्यावरचे ट्रक, पलीकडे कारखान्यांचे पत्रे. त्या आवाजात बसून मी ‘ओव्हेरियन रिझर्व्ह’ला मराठी शब्द शोधत होते.

‘राखीव’ म्हटलं की जागा आठवतात, ‘साठा’ म्हटलं की गोदाम. शेवटी ‘शिल्लक’ लिहिलं. पासबुकातला शब्द. त्यात एक अर्थ आपोआप येतो : नवीन भरणा बंद आहे, आता फक्त जे उरलं आहे ते.

मजकूर लोकांना कळतो का हे पाहायला केंद्राने मला एक दिवस बोलावलं. समोर त्रेचाळीस वर्षांची एक बाई होती, शेजारी नवरा. तपासण्यांचे कागद तिच्या मांडीवर होते आणि डॉक्टरांनी दुसरीचं बीज घ्यायचा सल्ला दिलेला होता. मी ‘बीजांची शिल्लक कमी’ हे वाक्य वाचून दाखवलं. ती म्हणाली, “पाळी तं बराबर महिन्याले येते ताई. मंग बीज कसं संपलं?”

मला लगेच उत्तर देता आलं नाही. तेव्हा मी एकेचाळीस वर्षांची होते आणि मनातल्या मनात मीही हाच हिशेब धरून बसले होते. पाळी चालू आहे, म्हणजे दार उघडं आहे. घरी आल्यावर मी हा हिशेब कुठून आला ते शोधायला बसले.

तो फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात स्त्रीचं आर्तव बाराव्या वर्षापासून सुरू होतं आणि शरीर पिकलं की पन्नाशीला आटतं असं सांगितलं आहे. बारा आणि पन्नास. हे दोन आकडे इतके मुरले आहेत की आजही घरातल्या बायका त्यांच्या आसपासच बोलतात. पण त्या वाक्यात मोजलं आहे ते रक्त. बीज तिथे नाही. आयुर्वेदात पुरुषाचं शुक्र आणि स्त्रीचं आर्तव मिळून गर्भ होतो. म्हणजे बाईचा वाटा मानला आहे, पण तो दिसणाऱ्या रक्ताचा. अ‍ॅरिस्टॉटलची समजूत यापेक्षा फार वेगळी नव्हती. धर्मशास्त्राने तेवढंही ठेवलं नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्री म्हणजे क्षेत्र, पुरुष म्हणजे बीज. शेत कितीही चांगलं असलं तरी पीक बियाण्याच्या जातीचं येणार. मात्र पीक आलं नाही, की दोष शेताचा. ‘वांझ’ हा शब्द आपण जमिनीला आणि बाईला सारखाच लावतो. पुरुषासाठी तितका रोजच्या वापरातला शब्द मला तरी सापडलेला नाही.

त्याच ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात ऋतुकाळाच्या सोळा रात्री मोजल्या आहेत. पहिल्या चार निषिद्ध, अकरावी आणि तेरावी वर्ज्य, सम रात्री मुलगा, विषम रात्री मुलगी. मुलगा-मुलगीचा भाग सोडून दिला तर हिशेब अगदीच वाया गेलेला नाही. अठ्ठावीस दिवसांचं चक्र असलेल्या बाईचं बीज साधारण चौदाव्या दिवशी सुटतं, ते या सोळांत बसतं. पण ते बसतं हे त्या काळी कुणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं.

यातला बारा हा आकडा एकोणिसाव्या शतकात कायद्यात आला. १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी नावाची, अकराच्या आतबाहेरची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मरण पावली. मार्च १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला आणि वय दहावरून बारावर गेलं. पुण्यात त्यावरून जो गदारोळ उठला त्याचा गाभा ऋतू हाच होता. विरोधकांचं म्हणणं असं की पहिला ऋतू येताच गर्भाधानसंस्कार करणं हे शास्त्र. मुलगी बाराच्या आत ऋतुमती झाली तर सरकार धर्मात हात घालतं. टिळकांचा ‘केसरी’ या बाजूने लढला. रा. गो. भांडारकरांनी शास्त्रवचनं मांडून दाखवलं की तो संस्कार पुढे ढकलता येतो. सुश्रुताचंच आणखी एक मत सुधारकांच्या कामाचं होतं : सोळाच्या आतल्या मुलीला राहिलेला गर्भ टिकत नाही, टिकला तर दुबळा निघतो.

हे वाद वाचताना मला आनंदीबाई जोशी आठवत राहतात. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल, दहा दिवसांत ते गेलं. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी पदवीसाठी प्रबंध लिहिला तो आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर. जुने संस्कृत आधार आणि अमेरिकन पाठ्यपुस्तकं एकाच टेबलावर. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत, बावीस वर्षंही पुरी व्हायच्या आत, त्या पुण्यात वारल्या. शास्त्रार्थ करणाऱ्या त्या सगळ्या विद्वानांत स्वतःच्या अंगावर हा प्रश्न झेललेली एकही व्यक्ती नव्हती, आणि जी होती ती तोवर गेली होती.

आनंदीबाईंच्या पाठ्यपुस्तकांत बीज होतं. ते दिसलं १८२७ मध्ये. कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांनी आपल्या सहकाऱ्याच्या घरची कुत्री फाडली आणि बीजकोशातला पिवळसर ठिपका सूक्ष्मदर्शकाखाली धरला. त्याआधी हार्वीने १६५१ मध्ये सगळं अंड्यातूनच येतं असं म्हटलं होतं, पण सस्तन प्राण्याचं अंडं त्याने पाहिलेलं नव्हतं. मराठीत पुढे यासाठी ‘स्त्रीबीज’ हा शब्द रुळला. भाषांतरकार म्हणून मला तो आपल्या भाषेतल्या धाडसी शब्दांपैकी एक वाटतो. जिला हजारो वर्षं शेत म्हटलं तिच्याच नावावर बियाणं करून दिलं, आणि तेही कुठलाही गाजावाजा न करता, शाळेच्या पुस्तकातून.

बीज आहे हे कळलं, तरी ते कधी सुटतं हे पुढची शंभर वर्षं कळलं नाही. युरोपातल्या बऱ्याच डॉक्टरांची समजूत होती की कुत्रीच्या माजासारखंच बाईचं बीजही रक्तस्रावाच्या सुमारास सुटतं. त्यामुळे मूल नको असलेल्यांना ते महिन्याचा मधला काळ ‘सुरक्षित’ म्हणून सांगत! त्या सल्ल्यावर किती मुलं जन्मली असतील कोण जाणे. १९२४ मध्ये जपानात क्युसाकू ओगिनो यांनी आणि १९२८ मध्ये ऑस्ट्रियात हेर्मान क्नाउस यांनी वेगवेगळ्या वाटांनी दाखवलं की बीज पुढच्या पाळीच्या सुमारे दोन आठवडे आधी सुटतं. मोजायचं ते मागच्या पाळीपासून नाही, पुढच्या पाळीपासून उलटं.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं ते १९२१ मध्ये, म्हणजे हे कळायच्या आधी. ‘समाजस्वास्थ्य’ निघालं १९२७ मध्ये आणि १९५३ पर्यंत, त्यांच्या मृत्यूपर्यंत चाललं. नोकरी गेली, खटले झाले. कर्व्यांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहून झालं आहे, म्हणून इथे एवढंच : मराठीत या अवयवांविषयी न लाजता बोलता येतं हे त्यांनी महिन्यामागून महिना छापून दाखवलं. तरीही त्यांची भाषा स्वयंपाकघरापर्यंत पोचली नाही. पाळीला आपल्याकडे किती शब्द आहेत पाहा : कावळा शिवला, बाहेरची झाली, अडचण आहे, विटाळशी. पहिल्या वेळेला न्हाण आलं. राहिलं तर दिवस गेले, कूस उजवली. बीज सुटण्याला मात्र बोलीत एकही शब्द नाही. ती घटना कुणाला दिसत नाही, तिच्यासाठी कुणाला बाजूला बसवता येत नाही, म्हणून तिचं नाव पडलं नाही. गोंदियाच्या त्या बाईला मी जे सांगू पाहत होते त्यासाठी आम्हा दोघींच्या भाषेत जागाच नव्हती.

शिल्लक मोजली गेली ती याहूनही उशिरा. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक शास्त्रज्ञ मानत होते की बीजकोश आयुष्यभर नवी बीजं घडवत असतो, जशी पुरुषात शुक्रबीजं घडतात. १९५१ मध्ये सॉली झुकरमन यांनी उपलब्ध पुरावे मांडून ही समजूत मोडीत काढली. १९६३ मध्ये टी. जी. बेकर यांनी प्रत्यक्ष मोजणी केली. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्याजवळ सत्तर लाखांच्या आसपास बीजं असतात. जन्मताना दहा-वीस लाख. न्हाण येईपर्यंत तीन-चार लाख. त्यांतली सुटतात जेमतेम चारशे. बाकीची रोज, गुपचूप, पाळी असो वा गरोदरपण असो, विरत जातात. मी ज्या बीजापासून झाले ते आजीच्या पोटात असलेल्या माझ्या आईच्या अंगात तयार झालं होतं. हे वाचल्यावर मी काम थांबवून चहा केला. (२००४ नंतर उंदरांवरच्या प्रयोगांतून नवी बीजं तयार होतात असा दावा पुढे आला, वाद अजून आहे, पण उपचारकेंद्रात बसलेल्या बाईला त्याचा उपयोग नाही.)

आकड्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. प्रत्येक बीजातलं विभाजन जन्माआधीच सुरू होऊन अर्ध्यावर थांबलेलं असतं आणि ते बीज सुटायची वेळ येते तेव्हाच पुढे सरकतं. विसाव्या वर्षी सुटणारं बीज वीस वर्षं थांबलेलं, त्रेचाळिसाव्या वर्षीचं त्रेचाळीस. इतका वेळ गुणसूत्रं धरून ठेवणारे दुवे सैल होतात, वाटणी चुकते, गर्भ राहत नाही किंवा राहून पडतो. पाळी मात्र चालूच असते, कारण तिला लागतात संप्रेरकं, निर्दोष बीज लागत नाही. उत्तर अमेरिकेत हटराइट नावाचा एक ख्रिस्ती पंथ आहे. संततिनियमन त्यांना मान्य नव्हतं. त्यांच्यातल्या बायकांचा अभ्यास १९५७ मध्ये छापला गेला. शेवटच्या बाळंतपणाचं सरासरी वय निघालं एकेचाळीसच्या जरा आत. भारतात पाळी जाते सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसला. दार बंद होणं आणि पाळी जाणं यांत काही वर्षांचं अंतर आहे, आणि सुश्रुताच्या त्या वाक्यात हे अंतर दिसत नाही. आपल्या बोलण्यातही नाही.

मुंबईत हे अंतर ओलांडायची वाट निघाली ती परळला. ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या कामातून हर्षाचा जन्म झाला. भारतातली पहिली ‘टेस्ट ट्यूब बेबी’ म्हणून वर्तमानपत्रांनी तो साजरा केला. खरी पहिली होती दुर्गा, ३ ऑक्टोबर १९७८, कलकत्ता. तिचे डॉक्टर सुभाष मुखोपाध्याय यांना इतकं खोटं पाडलं गेलं की १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली; पुढे त्यांच्या नोंदी वाचून आनंदकुमारांनीच पहिलेपणाचा मान त्यांना देऊन टाकला. पण माझ्या प्रश्नाच्या दृष्टीने परळपेक्षाही मोठी गोष्ट जानेवारी १९९१ मधली. ज्यांची पाळी गेली आहे किंवा बीजकोश अकाली थकला आहे अशा बायकांसाठी डॉ. हिंदुजांनी दुसरीचं बीज वापरण्याची पद्धत बसवली आणि त्यातून मूल जन्मलं. गर्भाशय बीजासारखं म्हातारं होत नाही हे त्यातून उघड झालं. जुन्या भाषेत बोलायचं तर शेत ठीक होतं, संपलं होतं ते बियाणं. मनूचा दृष्टान्त नेमका उलटा झाला होता.

मग याला शेवट कुठे? २०१९ मध्ये आंध्रातल्या गुंटूरला सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंनी जुळ्या मुलींना जन्म दिला. २०२१ मध्ये सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाचा कायदा आला आणि त्याने बाईसाठी वरची मर्यादा घातली : पन्नास. पुरुषासाठी पंचावन्न. सुश्रुताचा पन्नास कुणी समोर ठेवून हे केलं नसणार, पण १८९१ चा बारा आणि हा पन्नास शेजारी ठेवून पाहिले तेव्हा मला हसू आलं, आणि मग ते फार टिकलं नाही. कारण त्याच २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ऊसतोडणीच्या बायकांची पाहणी झाली होती. सुमारे ब्याऐंशी हजार बायकांत तेरा हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली, त्यांतल्या पुष्कळ जणी तिशी-पस्तिशीच्या. पाळीमुळे खाडा होतो आणि खाड्याला दंड असतो. आमच्या छत्तीसगडमध्येही २०१२ मध्ये विमा योजनेखाली गरज नसताना पिशव्या काढल्याच्या तक्रारींवरून चौकशी झाली. पन्नासची मर्यादा ज्यांना केंद्रापर्यंत पोचायचे पैसे आहेत त्यांना. या बायकांची मर्यादा टाक्यांनी ठरली.

गोंदियाच्या बाईला मी त्या दिवशी शेवटी असं सांगितलं : पाळी म्हणजे अंगणातली पणती, बाई घरात आहे एवढंच ती सांगते, डब्यात धान्य किती हे नाही सांगत. उपमा फारशी चांगली नव्हती. तिने मान हलवली आणि विचारलं, बीज देणारी कोण असते. मी कायद्यातलं सांगितलं : वय तेवीस ते पस्तीस, आयुष्यात एकदाच देता येतं, सातपेक्षा जास्त बीजं काढता येत नाहीत. नाव कळत नाही.

“तिले माहीत असते का, तिची किती शिल्लक हाये?” तिने विचारलं.

नवऱ्याने कागद गोळा केले; परतीच्या गाडीला दोन तास होते. देणारीचं संमतिपत्र अजून माझ्याकडे यायचं आहे. आलं की शिल्लकेचं कलम त्यात आहे का, ते मी आधी पाहीन.